झेंड्याची कड

ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये सामन्याआधी मैदानाएवढा अमेरिकी झेंडा शेकडो माजी सैनिकांनी कडेनं धरून ताणला होता. त्यांत काळा सार्जंट ओडेल प्रूइटही होता. राष्ट्रगीत सुरू झालं आणि समोर उभ्या खेळाडूंच्या रांगेत त्याचा पोरगा एकटाच गुडघा टेकून बसला. ओडेलच्या पुतण्याला पोलिसांनी भर रस्त्यात गोळी घातली होती, त्याचा निषेध म्हणून.

प्रेक्षक बोंबलू लागले.

"बघ तो हरामखोर," शेजारचा गोरा हँक म्हणाला. "असल्यांसाठी लढलो होय रे आपण?"

"माझा पोरगा आहे तो."

हँक वरमला. "असेल बाबा. पण हात सोडू नकोस, झेंडा भुईला लागेल."

वरून बिअरचा ग्लास पोराच्या पाठीवर आदळला. मग दुसरा. ओडेलच्या दोन्ही मुठी कापडात अडकलेल्या, आणि गीत अजून अर्धंही झालं नव्हतं.