अंगठ्याखालचं चित्र

"हे जरा सौम्य नाही का करता येणार?" सहसचिवांनी चित्र हातभर लांब धरून विचारलं. त्यांच्यापुढे नुकतीच बिस्किटांची बशी आली होती आणि सडलेल्या जबड्याच्या शेजारी बिस्किट खाणं त्यांना जड जात होतं.

"कॅन्सरला विचारून बघते," थोटूकबाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. त्या खोलीत सहसचिव हसल्याशिवाय हसायची पद्धत नव्हती. सिगारेटच्या पाकिटांवर इशाऱ्याचं कोणतं चित्र छापायचं, हे ठरवणारी ही समिती. सहसचिव आरोग्य खात्याचे. दोन डॉक्टर असे, की शेवटचा पेशंट कधी तपासला हे त्यांनाही आठवलं नसतं. थोटूकबाई ज्या संशोधन संस्थेत नोकरीला होत्या तिचे संचालक. आणि भिंतीकडच्या खुर्चीत सिगारेट कंपन्यांचा वकील, ज्याला कागदोपत्री 'निमंत्रित' म्हणत आणि ज्याच्याकडे पाहिल्याशिवाय सहसचिव वाक्य पुरं करत नसत. यांच्यातल्या एकाच्याही हाती थोटूकबाईंनी घरची मांजर आठवडाभर सांभाळायला दिली नसती. देशाची फुप्फुसं मात्र त्यांच्याच हाती होती.

थोटूकबाई हे नाव त्यांना संस्थेत लागून पुष्कळ वर्षं झाली होती. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी आरोग्य खात्याच्या कचेरीत पाहणी केली, तेव्हा झाडून सगळ्या साहेबांनी 'आम्ही ओढत नाही' असं छातीठोकपणे सांगितलं. बाईंनी मान डोलावली. पुढचे काही दिवस झाडूवाल्यांच्या आधी येऊन जिन्यातली थोटकं गोळा केली आणि भरलेली पिशवी मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. "ही न ओढणाऱ्यांची," म्हणाल्या. बढती हुकली, नाव मिळालं. तेव्हापासून त्यांनी कुठल्याही माणसाला 'तुम्ही ओढता का' असं विचारलं नाही. विचारलं की माणूस खोटं बोलतो, आणि शिकलेला माणूस तक्त्यात मांडून बोलतो, असं त्यांचं मत होतं.

चित्रांच्या बाबतीतही त्यांनी कधी कुणाला 'भीती वाटते का' असं विचारलं नाही. त्या टपऱ्यांसमोर बसची वाट बघत असल्यासारख्या उभ्या राहत आणि गिऱ्हाइकाचा अंगठा बघत. पाकिटावर नवं चित्र आलं की अंगठा आपोआप त्याच्यावर जातो. माणसाला ते बघायचं नसतं. काही जण 'हे नको, दुसऱ्या चित्राचं दे' म्हणतात. जोवर अंगठा चित्र झाकतो, तोवर चित्र जिवंत. मग सवय होते, अंगठा कुठेही पडायला लागतो. बाईंच्या खोलीत त्याला 'चित्र थकलं' म्हणत. आणि हा जबडा, जो त्यांनी स्वतः एका वॉर्डात टिपला होता आणि सहा वर्षं पाकिटांवर होता, तो आता थकला होता. तसा अहवाल त्यांनीच लिहिला होता. दुसरा खरा फोटो लावा, असंही त्यातच लिहिलं होतं.

समितीनं अहवालाचा पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा बशीखाली सरकवला. जबड्याच्या जागी लावायला त्यांनी एका चित्रकाराकडून फुप्फुसं करून घेतली होती. जलरंगातली, फिकट गुलाबी.

"कलात्मक आहे," वकील म्हणाला.

"दिवाणखान्यात लावायला छान आहे," बाई म्हणाल्या.

"मॅडम," सहसचिव म्हणाले, "तुमच्याच आकड्यांनुसार हा जबडा बघून किती लोकांनी सोडली? शंभरात चार. एवढा खटाटोप करून चारच? मग आमचं चित्र काय वाईट आहे?"

बाईंनी समोरचा अहवाल उघडला. शेवटच्या पानावर सहीची जागा अजून मोकळी होती. नियम असा होता, की जुनं चित्र थकल्याच्या अहवालावर त्यांची सही झाल्याशिवाय ते काढता येत नव्हतं. सही केली तर गुलाबी फुप्फुसं येणार. नाही केली, 'अजून थोडं तपासायचं आहे' असं नुसतं म्हटलं, तर पुढची मुदत संपेपर्यंत जबडा राहणार. थकलेला का होईना, खरा. म्हणजे जन्मभर ज्यांच्या खोटेपणाच्या नावानं बोटं मोडली, त्यांच्यासारखंच एकदा खोटं बोलायचं होतं, आणि तेही भल्यासाठी. त्यांनी संध्याकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला.

बाहेरच्या बोळात संचालकांनी गाठलंच. "सही करून टाका हो. नाहीतरी तुमची निवृत्ती आलीच. नंतर सल्लागार म्हणून आपण काहीतरी बघू." बोलताना त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. लवंग ते कशाचा वास लपवायला खात, हे संस्थेतल्या शिपायालाही ठाऊक होतं.

तिसऱ्या मजल्यावर बाईंच्या खोलीत एक बाई बसली होती. पन्नाशीची, अंगानं बारीक, मांडीवर कापडी पिशवी.

"चित्रवाल्या मॅडम तुम्हीच का?"

"कोण हवंय तुम्हाला?"

"पाकिटावरच्या नंबरला फोन केला होता. सिगारेट सोडायची असेल तर करा म्हणून छापलेला असतो ना, त्याला. त्या पोरीला वाटलं मला सोडायची आहे. ऐकूनच घेईना. तल्लफ आली की ग्लासभर पाणी प्या म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, मी ओढत नाही, विकते. मग तिनं तुमचं नाव सांगितलं."

"विकता," थोटूकबाई म्हणाल्या. एखाद्याला 'चोरी करता' म्हणावं तशा.

"दिराची टपरी आहे. नवरा गेल्यावर त्यानं मला बसवलं तिथं." टपरीवालीनं पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं, एका माजी आरोग्यमंत्र्यांच्या दालनातून बाईंनी उचलून आणलेल्या आणि टाचण्यांसाठी वापरलेल्या ॲशट्रेच्या शेजारी. जबड्याची बाजू वर होती. "हा माझा नवरा."

बाईंनी चष्मा लावला, उगीचच. ते चित्र त्यांना डोळे मिटूनही दिसत असे. "यात चेहरा नाही. नुसतं तोंड आहे. असं कुणालाही वाटू शकतं."

"वरचा दात बघा. खाच आहे ना? वायरमन होता तो. वायर दातानं सोलायचा. पकड खिशात असायची, तरी दातानंच. मी किती ओरडायचे."

थोटूकबाईंना वॉर्ड आठवला. खिडकीजवळची खाट, जड जिभेनं बोलणारा माणूस. त्यांनी संमतीचा कागद त्याला सावकाश वाचून दाखवला होता. त्यानं एवढंच सांगितलं होतं की बायकोला सांगू नका. बायकोची परवानगी लागते असं नियमात कुठेच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर समजावायला एक माणूस कमी झालं म्हणून त्यांना हायसंच वाटलं होतं. नियमाआड लपणाऱ्यांची त्या आयुष्यभर टर उडवत आल्या होत्या.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"खोका फोडला तेव्हा. गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्याला पाकीट दिलं, सुटे दिले, मग खाली बसले."

"आणि तरी विकत राहिलात?"

"तुम्ही छापता, मी विकते," टपरीवाली शांतपणे म्हणाली. "दोघींचं पोट त्याच्यावरच चाललंय, मॅडम. रागावू नका."

रागावण्यात थोटूकबाईंचा हात धरणारं संस्थेत कुणी नव्हतं. पण त्या रागावल्या नाहीत. इतक्या वर्षांत कुठल्याही समितीत त्यांना इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं, आणि खोटं काढायला त्या वाक्यात काही सापडत नव्हतं.

"चहा घेणार?" त्या म्हणाल्या.

"नको. एक विचारायला आले होते. त्याला बघून कुणी सोडली का हो?"

बाईंनी चष्मा काढला.

"दवाखान्यात तो म्हणायचा, माझं थोबाड बघून दहा जणांनी सोडली तरी बास. मला वाटायचं, तापात बडबडतोय. खोका फोडला तेव्हा कळलं कशाबद्दल बोलत होता ते. म्हणून विचारते. माझ्या टपरीवर तर कुणी सोडलेली दिसली नाही."

"शंभरात चार," थोटूकबाई म्हणाल्या. सकाळी याच आकड्यावर सहसचिवांनी नाक मुरडलं होतं. सांगताना बाईंचीच मान खाली गेली.

"चारच?"

"शंभरात चार. ओढणारे लाखांनी आहेत."

टपरीवालीनं मनाशी काहीतरी जुळवलं. "म्हणजे दहा झाले."

"दहा कधीच झाले. चित्र आलं त्याच आठवड्यात झाले असतील. नंतर पुष्कळ झाले."

"खरं सांगताय? माझी समजूत काढायला नाही ना?"

"मी कुणाची समजूत काढत नाही. इथं कुणालाही विचारा."

टपरीवालीनं नाक पुसलं. मग म्हणाली, "मग आता काढा त्याला."

"काय?"

"माल टाकणारा एजंट म्हणाला, चित्र बदलणार आहे, पण कुणी मॅडम अडून बसल्यात."

समितीत सकाळी झालेलं बोलणं दुपारी एजंटाच्या तोंडी होतं. थोटूकबाईंना याचं नवल वाटलं नाही. त्या वकिलाला भिंतीकडची खुर्ची उगीच देत नव्हते.

"आधी लोक दचकायचे," टपरीवाली सांगत होती. "हे नको, दुसरं दे म्हणायचे. मला राग यायचा. पण बरंही वाटायचं, की घाबरतायत. आता बघतसुद्धा नाहीत. परवा एकानं त्याच्या तोंडावर कुणाचा तरी फोन नंबर लिहून घेतला. घाबरत होते तोवर मी काही म्हटलं नाही. आता उगीच उभा करून ठेवलाय त्याला."

"त्याच्या जागी गुलाबी फुप्फुसं येतील," थोटूकबाई म्हणाल्या. आवाज जरा चढलाच. "त्याला कुत्रंही भिणार नाही. कंपन्यांना तेच हवंय. मी सही केली नाही, तर निदान हा राहील. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणते ते?"

"कळतंय. ते तुमचं तुम्ही बघा, मॅडम. त्याचं काम त्यानं केलं."

ती पिशवी उचलून गेली. पाकीटही घेऊन गेली, विकायचं होतं म्हणून.

संध्याकाळी थोटूकबाईंनी सही केली. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की नवं चित्र निरुपयोगी आहे आणि हे समितीला माहीत आहे. ते कुणी वाचणार नाही याची त्यांना खात्री होती, आणि कुणी वाचलंही नाही. सहसचिवांनी त्यांच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं. वकिलानं हस्तांदोलनाला हात पुढे केला, तेव्हा बाईंचे दोन्ही हात पर्समध्ये किल्ली शोधत होते, आणि वकिलानं हात मागे घेईपर्यंत ती सापडली नाही. संचालक म्हणाले, "सल्लागारपदाचं नक्की बघतो." बाई म्हणाल्या, "लवंग आहे का एखादी?"

घरी नवऱ्यानं ताटं मांडली होती. ते गणिताचे मास्तर, निवृत्त झालेले, आणि रोज दार उघडताना तेच विचारायचे.

"आज कुणाचा उद्धार केलास?"

"आज माझाच झाला."

त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं आणि आमटी गरम करायला ठेवली. "सही केलीस?"

"केली."

"खरं तेच लिहिलंस ना?"

"खरंच लिहिलं. म्हणून तर हरले."

"मग जेव," मास्तर म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं सांत्वन करायचा मूर्खपणा कधी केला नव्हता. पण त्या रात्री जेवण होईपर्यंत ते समोर बसून राहिले, स्वतःचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं तरी.

निवृत्तीचा समारंभ झाला. सहसचिवांनी भाषणात बाईंच्या कार्याची तुलना दीपस्तंभाशी केली आणि नाव चुकीचं घेतलं. मग महिने गेले. एका सकाळी बाई घरात नुसत्याच या खोलीतून त्या खोलीत फिरत होत्या, तेव्हा मास्तर म्हणाले, "जा, अंगठे बघून ये कुणाचे तरी." त्यांनी चपला घातल्या.

पाकिटावरच्या नंबरला फोन घेणाऱ्या पोरीकडे पत्ता होता, टपरी शोधणं कठीण गेलं नाही. समोरच बसथांबा होता. थोटूकबाई तिथं उभ्या राहिल्या, आयुष्यभर राहिल्या तशा. टपरीत गुलाबी पाकिटांच्या चळती होत्या. गिऱ्हाइकं येत होती, पाकिटं उचलत होती आणि अंगठे कुठेही पडत होते. मोजायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं, पण नजर जातच होती. एकही अंगठा चित्रावर थांबला नाही. सगळं त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं होतं, आणि आपलं बरोबर ठरल्याचा इतका वीट त्यांना आधी कधी आला नव्हता.

मग त्यांचं लक्ष टपरीवालीच्या हाताकडे गेलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विकत घेणाऱ्याचा अंगठा बघण्यात घालवली होती. विकणाऱ्याचा हात बघावा असं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. टपरीवाली गुलाबी पाकीट फळीवरून एका बोटानं ढकलून देत होती, काडेपेटी द्यावी तसं.

एक म्हातारं गिऱ्हाईक आलं. त्याला हव्या त्या सिगारेटचा जुनाच माल उरला होता बहुतेक. टपरीवाली खाली वाकली, मागचा खोका ओढला आणि एक पाकीट काढलं. ते तिनं फळीवर ठेवलं नाही. हातातच धरून पुढे केलं, आणि तिचा अंगठा त्या तोंडावर होता, पुरता, खाचेच्या दातासकट सगळं झाकून.

म्हाताऱ्यानं पाकीट धरलं. तिनं लगेच सोडलं नाही.

"सुटे आहेत का?" तिनं विचारलं.

तो खिसा चाचपायला लागला. तेवढा वेळ पाकीट दोघांच्या हातात होतं. सुटे मिळाले, त्यानं पाकीट ओढून घेतलं, तेव्हा कुठे तिनं अंगठा उचलला.