समासातल्या तारखा

पांग आजोबांचा डावा हात पलंगाच्या कठड्यावर दुसऱ्यांदा आपटला, तेव्हा पान उलटायला निघालेलं माक-सुनचं बोट जागच्या जागी थांबलं.

"परत?" तिने विचारलं.

हात पुन्हा आपटला.

"अहो आजोबा, काल वाचला, परवा वाचला. आता सहावा अध्याय घेऊ या की. तोही चांगलाच असेल!"

"वाच बाई, वाच," शेजारच्या पलंगावरून म्योंग आजोबा म्हणाले. खुब्याचं हाड मोडून ते तीन आठवडे आढ्याकडे बघत पडले होते, त्यामुळे वॉर्डातल्या प्रत्येक गोष्टीत त्यांना रस होता. "मलाही पाठ होत आलाय. फक्त बसस्टँडवर गाड्या पुकारतात तशी वाचू नकोस."

"मग तुम्ही वाचा."

"मी? मी बुद्धाचा माणूस. मला कशाला पापात ओढतेस?"

माक-सुनने चष्मा वर सरकवला आणि मत्तयाचा पाचवा अध्याय चौथ्यांदा वाचायला घेतला. सकाळचे साडेसहा वाजले होते. खिडकीबाहेर जानेवारीचं आभाळ राखेसारखं होतं.

ती त्रेसष्ट वर्षांची, सरहद्दीपलीकडच्या यानब्यानमधली कोरियन बाई. अकरा वर्षं ती कोरियातल्या या समुद्रकाठच्या शहरात लोकांच्या आजाऱ्यांजवळ राहत होती. आजाऱ्याच्या पलंगाशेजारच्या बुटक्या बाकावर झोपायचं, त्याला कुशीवर वळवायचं, नळीतून भरवायचं, पुसायचं. पांग आजोबांना नोव्हेंबरात झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांच्या मुलाने, छांग-उकने, तिला कामं समजावून सांगताना शेवटचं काम सांगितलं होतं, "रोज सकाळी बायबल वाचून दाखवायचं. जुन्या करारातला एक अध्याय, नव्यातला एक. बाबांनी आयुष्यात एक दिवस चुकवला नाही." माक-सुन कुठल्याच देवळात जाणारी नव्हती. पण काम ते काम. तोंड धुऊन दिल्यावर आणि नळीतून दूध सोडण्याआधी ती वाचायची.

आणि खरं सांगायचं तर तिला ते काम आवडू लागलं होतं. वचनांसाठी नव्हे, समासांसाठी. आजोबांच्या त्या जाडजूड बायबलात नव्या करारातल्या प्रत्येक अध्यायाशेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत तारखा होत्या, दर वर्षाची एक. प्रत्येक तारखेपुढे मनन केल्याची एक ओळ. 'सुनेला बोललो ते चुकलं.' 'नातू झाला. आभार.' 'आज काहीच समजलं नाही, उद्या पुन्हा बघेन.' चर्चच्या मंडळीतला एवढा मोठा वडील माणूस, आणि 'काहीच समजलं नाही' असं लिहून ठेवतो, याचं तिला नवल वाटायचं. बोलू न शकणाऱ्या माणसाची तिला झालेली ओळख ती एवढीच.

आज त्या ठरावीक जागी ती आली. माणूस वेदीपाशी अर्पण घेऊन येतो, तिथे त्याला आठवतं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही सलतंय. तेव्हा अर्पण तिथंच ठेव, असं प्रभू सांगतो. आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. एवढं वाचलं आणि कठडा धाडकन वाजला. आजोबांचा चेहरा लाल झाला होता. मानेची शीर तटतटली होती. नाकातली नळी त्यांनी मुठीत धरली.

"आजोबा! सोडा! सोडा आधी!"

सिस्टर धावत आली. दोघींनी मिळून मूठ उलगडली. रक्तदाबाच्या यंत्रावर आकडा होता एकशे ब्याऐंशी.

"तीन दिवस झाले, सकाळी हेच," सिस्टर म्हणाली. "मावशी, नेमकं करता काय तुम्ही? पुन्हा नळीला हात लावला तर हात बांधावा लागेल. डॉक्टरांनी कालच सांगितलंय, दुसरा झटका आला तर हाती काही लागणार नाही."

ऑफिसला जाता जाता छांग-उक आला, तेव्हा सिस्टरने त्याला दारातच गाठून सगळं सांगितलं. पन्नाशीचा, नेटका, कधी आवाज न चढवणारा माणूस. त्यामुळेच तो बोलला की माक-सुनला धास्ती वाटायची.

"मावशी, पाचवा अध्याय सोडा. उद्यापासून स्तोत्रं वाचा. शांत वाटेल अशी."

"ते पुढे जाऊच देत नाहीत, साहेब. भावाचा उल्लेख आला की..."

"भाऊ नाही त्यांना," छांग-उक म्हणाला. मग बायकोने आणलेली फळं नीट लावल्यासारखं करत म्हणाला, "म्हणजे आहेत एक काका. संबंध नाही. रविवारी चर्चचे पाळकसाहेब आणि मंडळी प्रार्थनेला येणार आहेत. तोवर बाबांना त्रास होता कामा नये. मला तुमच्या एजन्सीला फोन करायला लावू नका."

दुसऱ्या दिवशी तिने स्तोत्र काढलं. पहिली ओळ संपायच्या आत आजोबांनी मान भिंतीकडे वळवली. दूध सोडायला गेली तर त्यांनी खांदा झाडला. दुपारपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"रुसला गं तुझा म्हातारा," म्योंग आजोबा हळूच म्हणाले. या खेपेला त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

माक-सुन बाकावर बसली आणि तिने पाचवा अध्याय उघडून बघितला. त्या वचनाशेजारीही तारखा होत्या. पस्तीस. सगळ्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या. पण एकाही तारखेपुढे ओळ नव्हती. अख्ख्या पुस्तकात अशी जागा तिला दुसरी आठवेना. एकाच वर्षी काहीतरी लिहून मग पेनाने इतकं खोडलं होतं की कागद फाटला होता. पान उजेडाकडे धरल्यावर खोडलेल्यातून एक नाव तेवढं लागलं.

ती पलंगाशी वाकली. "सोक-ग्यू कोण?"

डोळे उघडले.

"भाऊ?"

आजोबांनी तिचं मनगट पकडलं. दोन महिने ती त्या हाताला व्यायाम देत होती. एवढा जोर त्यात आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

"बोलावू त्यांना?"

पकड सुटेना. हाडं दुखायला लागली तरी तिने हात ओढून घेतला नाही.

अकरा वर्षांत तिने एकच विद्या कमावली होती. तोंड बंद झालेल्या माणसाला काय हवंय ते ओळखायची. कुणाला पाणी हवं असतं, कुणाची पाठ खाजते, कुणाला ओलं झाल्याची लाज वाटत असते. न ओळखता नुसतं पांघरूण नीट करून बसणाऱ्या बायका तिने पाहिल्या होत्या, आणि त्यांच्याबद्दल तिचं मत काही बरं नव्हतं. आता तीच पांघरूण नीट करून बसणार होती का? एजन्सीने एकदा नाव खोडलं की या वयात दुसरी कोण ठेवणार? आणि भाऊ आला आणि म्हातारा त्या धक्क्यानेच गेला तर?

तिने खण उघडला. आजोबांचा जुना, दुमडणारा फोन काढला, त्यांच्या डोळ्यांसमोर धरून नावं खाली सरकवत नेली. एका नावापाशी त्यांनी पापण्या मिटल्या.

जिन्यात उभी राहून तिने फोन लावला. पलीकडे इंजिन धडधडत होतं.

"कोण?"

"हॉस्पिटलातून बोलतेय. पांग हान-ग्यूंजवळ असते मी."

"मेला का?"

"नाही."

"मग फोन कशाला? मेला की कळवा. येईन तेव्हाही की नाही, सांगता येत नाही."

"ते बोलावतायत तुम्हाला."

"बोलता येत नाही त्याला, असं ऐकलंय मी."

"येत नाही. म्हणून हात आपटतात. मत्तयाचा पाचवा अध्याय रोज वाचून घेतात, आणि भावाचं आलं की आपटतात. नाकातली नळी ओढतात. आता हात बांधणार आहेत त्यांचा."

पलीकडचं इंजिन बंद झालं. मग फोनच बंद झाला.

शनिवारी दुपारी वॉर्डाच्या दारात एक खुजा, रुंद खांद्यांचा म्हातारा येऊन उभा राहिला. अंगावर कामाचं जाकीट, नखांत काळं वंगण. तो कुणाला काही विचारेना. सहा पलंगांवरून त्याची नजर फिरली आणि पांग आजोबांवर येऊन थांबली. शनिवारची सुट्टी म्हणून छांग-उक तिथेच बसला होता. तो ताडकन उठला.

"काका? तुम्ही कसे आलात?"

"बसने."

"तसं नाही. तुम्हाला कुणी..."

"बोलावणं आलं." म्हाताऱ्याने माक-सुनकडे बघितलंसुद्धा नाही. पण छांग-उकने बघितलं. त्या नजरेनेच तिला कळलं की आपलं इथलं अन्नपाणी संपलं.

"काका, बाबांना धक्का सोसणार नाही. बाहेर बसू, बोलू."

"तुझ्याशी बोलायला नाही आलो मी." सोक-ग्यू पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. "ते काय वाचता ते वाचा हो, बाई."

माक-सुनने छांग-उककडे पाहिलं. त्याने मान हलवली, नाही. तिने आजोबांकडे पाहिलं. मग पुस्तक उघडलं आणि बसस्टँडवर पुकारतात तसंच, एका सुरात, ती वाचू लागली. सूर लावायला तिला येतच नव्हतं. वेदी आली. अर्पण आलं. भाऊ आला. कठडा वाजला नाही. आजोबांनी हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर आपटला. एकदा, दोनदा. तोंड वाकडं झालं, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यातून शब्दासारखं काही निघालं.

"मी... मी..."

यंत्र टीं टीं करायला लागलं. एकशे नव्वद.

"पुरे!" छांग-उक ओरडला. त्याच्या या आवाजाची कुणालाच ओळख नव्हती. "सिस्टर! बाहेर काढा यांना!"

"मी..." आजोबा छाती बडवतच होते.

"कळलं," सोक-ग्यू म्हणाला. "आपल्या गावच्या देवळातली शेगडी. तुझी पाळी होती. पहाटेच्या प्रार्थनेनंतर तू ती विझवायची होतीस. तू तशीच ठेवून गेलास."

आजोबांचा हात छातीवरच थांबला.

"तेव्हापासून माहीत होतं मला. मी हात शेकायला आत आलो तर ठिणग्या चटईवर पडलेल्या. विझवायला गेलो, विझेना. पळालो. पळताना लोकांनी मलाच पाहिलं." तो आता पुतण्याकडे बघून बोलत होता, पण ऐकवत होता सगळ्या वॉर्डाला. "देऊळ जळालं. रविवारी आमच्या बापाने मला अख्ख्या मंडळीसमोर गुडघ्यांवर बसवलं. चौदा वर्षांचा होतो. हा एकोणीस वर्षांचा. दुसऱ्या रांगेत बसला होता. मी याच्याकडे बघत होतो. आता उठेल, म्हटलं. आता उठेल. अठ्ठावन्न वर्षं झाली."

छांग-उकने खुर्चीची पाठ धरली. सिस्टर दोन माणसांना घेऊन दारात आली होती, तीही तिथेच थबकली. म्योंग आजोबांनी डोळ्यांवर हात आडवा घेतला होता.

"बाबा?" छांग-उकने विचारलं. "खरं आहे हे?"

पांग आजोबांनी मान हलवली. वर, खाली. नीट, सगळ्यांना दिसेल अशी. डोळ्यांतून पाणी वाहून कानात चाललं होतं आणि पुसायला हात उठत नव्हता.

"फार उशीर केलास रे दादा," सोक-ग्यू म्हणाला. क्षमा केली असं तो म्हणाला नाही. पलंगाला वळसा घालून पुढे आला, जाकिटाच्या खिशातून मळका रुमाल काढला, त्याकडे बघून परत ठेवला, आणि तळहाताने भावाचा कान पुसला.

यंत्राचा आकडा पाऊण तासाने उतरला. तोवर सोक-ग्यू तिथेच उभा होता. शेवटची बस असते म्हणून गेला.

छांग-उक माक-सुनला बाहेरच्या खिडकीशी घेऊन गेला. "सोमवारपासून दुसरी बाई येईल," तो म्हणाला. "एजन्सीला मी कारण सांगणार नाही." एवढं बोलून तो खिडकीबाहेरच बघत राहिला. "उद्या मंडळी येणार आहे. सगळे त्यांना साधुपुरुष मानतात, मावशी. मी त्यांना काय सांगू?"

"ते मला काय कळणार, साहेब," ती म्हणाली.

रविवारी काय झालं ते तिने पाहिलं. पाळकसाहेबांनी प्रार्थनेआधी, कुठलं वचन वाचू, असं विचारलं. छांग-उकने स्वतःच पाचवा अध्याय काढून वाचला. शेगडीचं सांगितलं. मंडळीतल्या दोन म्हाताऱ्या बाया लहानपणी त्याच गावात होत्या. त्या खाली मान घालून बसल्या. पांग आजोबा शांत पडून होते. त्यांना पुढचं पान हवं होतं. सहावा अध्याय माक-सुनने सोमवारी सकाळी वाचला, दूध सोडलं आणि पिशवी उचलली.

सोळा दिवसांनी तिच्या फोनवर निरोप आला. पांग आजोबा गेले होते.

नव्या आजारी बाईजवळ तिच्या मुलीला दोन तास बसवून माक-सुन गेली. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर अंत्यविधीचं दालन होतं. पांढऱ्या शेवंतीत आजोबांचा फोटो. शेजारी दंडावर फीत बांधून शोकाला उभे राहिलेले घरचे लोक, छांग-उक, त्याचा मुलगा, आणि रांगेच्या टोकाला उसन्या काळ्या सुटात सोक-ग्यू. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

तिने फूल वाहिलं, मान लववली, आणि घरच्यांकडे वळली. आल्यागेल्याला सगळे कमरेतून वाकत होते. तिला बघून सोक-ग्यू खाली बसला, दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, आणि कपाळ फरशीला लागेल इतका वाकला. माणसं बघत होती. ही कोण, असं कुणीतरी कुजबुजलं. छांग-उक क्षणभर उभाच होता. मग तोही वाकला.

जेवणाच्या खोलीत सोक-ग्यूने स्वतः तिच्यापुढे लाल मटणरश्श्याचा वाडगा आणि भात आणून ठेवला. समोर मांडी घालून बसला.

"खा, बाई. गार होईल."

तिचा वाडगा अर्धा झाला, तेव्हा तो पळी घेऊन पुन्हा वाढायला उठला.