साठ पावलं

माणूस मेलं की खापर फोडायला एक माथं लागतं, आणि गावात गरिबाचं माथं सगळ्यांच्या हाताला येतं. खजुरीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात गेल्या जत्रेला चंद्रम्मा मेली, तेव्हा ते माथं सिद्धूचं निघालं.

झालं असं होतं. जत्रा कमिटीचा अध्यक्ष वीरण्णा, तूर-हरभऱ्याचा मोठा व्यापारी. त्याला हौस आली की आपल्या जत्रेला पाहुणे हेलिकॉप्टरनं यावेत. उतरायच्या जागी चुन्यानं गोल आणि गोलात इंग्रजी एच काढायचं काम मेंढरं राखणाऱ्या सिद्धूला दिलं. हेलिकॉप्टर उतरता उतरता स्टेजशेजारच्या स्वयंपाकाच्या शेडवरचा एक पत्रा उडाला आणि भाकरी थापत बसलेल्या चंद्रम्माच्या मानेवर आला. बाई जागेवर गेली. कागदावर कारण वावटळ लागलं. पण कागदानं गावाचं समाधान होतंय होय? लोक विचारायला लागले, तेव्हा वीरण्णा सगळ्यांसमोर म्हणाला, "मी स्टेजपासून शंभर पावलांवर काढ म्हणालो होतो. ह्यानं चाळीसावर काढला. मेंढरं मोजणाऱ्याला पावलं मोजता येत न्हाईत, त्याला मी काय करू?"

सिद्धू जीव तोडून सांगत होता, की मी शंभरावरच काढला होता. त्याच दिवशी सकाळी अण्णा स्वतः आले आणि म्हणाले, साठ पावलं अलीकडं घे, सतरंजी पुरत न्हाई. लाल सतरंजी होती चाळीस पावलांची, आणि पाहुण्याचा पाय ढेकळात पडून चालणार नव्हतं. पण साक्षीला कोण होतं? आभाळ.

वर्षभर सिद्धूला कुणी कामाला बोलावलं नाही. हॉटेलात गेला की बाकड्यावरची माणसं उठायची. चंद्रम्माचा नवरा तिप्पण्णा, जो वीरण्णाच्याच गोदामात पोती उचलतो, तो तर सिद्धू दिसला की तोंड फिरवून थुंकायचा. शेवटी सिद्धूनं घराबाहेर पडणंच सोडलं.

संक्रांतीला त्याचा थोरला भाऊ भीमाशंकर वायुसेनेतून रिटायर होऊन आला. वीस वर्षं हेलिकॉप्टरं खोलून जोडलेला माणूस, सार्जंट. आल्या आल्या त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग सिद्धू खाली मान घालून म्हणाला, "दादा, मीच चुकलो असंल. पावलं मोजताना ध्यान न्हवतं माझं."

ते ऐकून भीमाशंकरच्या डोक्यात जी आग गेली ती पुढं तीन महिने विझली नाही. खोटं बोललं ते बोललं, पण ते खोटं पोराला खरं वाटायला लावलं. ह्याची भरपाई घ्यायचीच, असं त्यानं त्या दिवशी ठरवलं.

त्यानं काय केलं, घरातला टेबलफॅन उचलला, अंगणात हरभऱ्याचा भुसा पसरला, आणि फॅन तोंड खाली करून भुशावर हातभर उंचीवर धरला. भुसा चारी बाजूंना पळाला, सिद्धूच्या डोळ्यांत गेला.

"बघ," तो म्हणाला. "बिदरकडं विमानं उडताना बघतोस ना, ती पुढं पळतात म्हणून त्यांच्या पंखाला वारा मिळतो आणि पंख त्यांना वर धरतो. हेलिकॉप्टरला पळायला लागत न्हाई, त्याचे पंखच डोक्यावर गरगर फिरतात. पण फुकट कुणी वर ऱ्हात न्हाई बाबा. तीन टनाचं धूड हवेत धरायचं तर तेवढ्याच जोरानं हवा खाली रेटावी लागती. ती जमिनीवर आपटती आणि अशी आडवी सुटती."

"सारखीच सुटती का?"

"न्हाई. पायलटच्या डाव्या हाताला एक दांडा असतो, वर ओढला की सगळी पाती हवेला जास्त धरतात. उजव्या हातातला दांडा जिकडं झुकवंल तिकडं ते जातं. पायांनी तोंड फिरवायचं. उतरताना डावा दांडा हळूहळू सोडत येतात, पण आदळू नये म्हणून शेवटच्या घटकेला तोच परत वर ओढायला लागतो. तवा वारा सगळ्यात जोरात. आणि पत्रा म्हंजे काय रे? पंखच की. खालून वारा घुसला, वरून सपाट्यानं गेला, की उचललाच. विमानाच्या पंखाला पायलट तरी असतो, पत्र्याला कोण?"

"मग पायलटची चूक?"

"त्यानं एच बघायचा आणि उतरायचं. पत्र्याचे खिळे ढिले हायेत हे त्याला वरून दिसतंय व्हय? शंभर पावलांवर पत्रा हललाबी नसता. चाळीसावर तो उडणारच. सिद्धू, ज्यानं जागा बदलली त्यानं ती बाई मारली."

सिद्धूनं डोळे चोळले. त्याला पटलं होतं, पण एकट्या सिद्धूला पटून काय उपयोग? गावाला पटायला पाहिजे होतं, आणि गावाच्या आधी तिप्पण्णाला.

चैत्रात वीरण्णाचं बोलावणं आलं. ह्या वर्षीही हेलिकॉप्टर ठरलं होतं, आणि कंपनीवाले विचारत होते, की जमिनीवर जाणकार माणूस कोण आहे. भीमाशंकरनं लगेच होकार दिला. त्याची आई सुभद्राबाई चुलीपुढून उठून आली.

"ज्यानं तुझ्या भावाचं तोंड काळं केलं त्याच्या दारात चुना घिऊन जायलास? लाज कशी वाटंना तुला?"

"आई, तू गप्प बस आणि बघ."

"काय बघू? वीस वर्षं सरकारचं खाल्लं, आता त्याचं खा."

भीमाशंकर चुना आणायला बाहेर पडला. म्हातारीनं दोन दिवस त्याला वाढलं, पण बोलली नाही.

त्याचा हिशोब साधा होता. वीरण्णाची सतरंजी तीच, ढेकळं तीच आणि मिजासही तीच. माणूस एकदा पचलेलं पाप दुसऱ्यांदा करतोच. फक्त ह्या वेळी ते ऐकायला योग्य कान पाहिजेत. त्यानं वीरण्णाला सांगितलं, "अण्णा, मदतीला एक माणूस द्या. तिप्पण्णा चालंल." वीरण्णाला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. त्याच्या लेखी तिप्पण्णा म्हणजे पोती उचलणारे दोन हात.

जत्रेच्या सकाळी दोघांनी स्टेजपासून शंभर पावलं मोजली. तिप्पण्णा भीमाशंकरशी चकार शब्द बोलत नव्हता, पण पावलं त्यानंच मोजली, मोठ्यानं, एकेक. शंभरावर गोल काढला, एच काढला. स्वयंपाकाची शेड भीमाशंकरनं आधीच तिथून हलवून देवळामागं नेली होती. स्टेजवर मात्र वीरण्णानं उन्हासाठी पत्र्याचं छत घातलं होतं. भीमाशंकर वर चढला आणि सगळे पत्रे तारेनं आवळले. मधला, वीरण्णाच्या खुर्चीवरचा पत्रा आवळताना त्याचा हात थांबला. तार हातात घेऊन तो बराच वेळ बसला. मग तसाच खाली उतरला. तो एक पत्रा दोन खिळ्यांवर राहिला.

"वाऱ्याची दिशा कळायला धूर लागतोय," तो तिप्पण्णाला म्हणाला. "मी ओला पाला आणतो. तू हितंच थांब." आणि पन्नास पावलांवरच्या कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसला.

फार बसावं लागलं नाही. वीरण्णा पांढऱ्या कपड्यात, पांढऱ्या बुटात आला, सतरंजी अंथरून बघितली, ढेकळांकडं बघितलं आणि तिप्पण्णाला हाक मारली.

"ए तिप्पा, ते पुसून टाक. साठ पावलं अलीकडं घे. सतरंजी पुरत न्हाई."

तिप्पण्णा चुन्याची पाटी धरून उभा राहिला.

"भीमाशंकरनं शंभर सांगितलंय, अण्णा."

"अध्यक्ष कोण हाय? घे म्हणलं की घ्यायचं. कामून बघायलास असा?"

वीरण्णा निघून गेला. गंजीमागं भीमाशंकर सगळं ऐकत होता. वर्षभर सिद्धू जे सांगत होता, तेच शब्द, एकही मागंपुढं नाही, तेच. ते तिप्पण्णाच्या कानात पडलेले त्यानं डोळ्यांनी बघितले. तिप्पण्णाचं तोंड उघडं राहिलं, पाटी हळूच खाली टेकली, आणि तो ढेकळात मटकन बसला. आता हा रडेल, नाहीतर पळत जाऊन वीरण्णाची गचांडी धरेल, असं भीमाशंकरला वाटलं. तिप्पण्णा उठला. जुना एच पायानं पुसला. साठ पावलं मोजली, ह्या वेळी मनातल्या मनात, आणि चाळीसावर नवा एच काढला, अगदी निगुतीनं. मग त्यानं मान वर करून वीरण्णाच्या खुर्चीवरच्या पत्र्याकडं बघितलं आणि बघतच राहिला.

भीमाशंकर पाला घेऊन आला. दोघांची नजरानजर झाली. 

चार वाजता आवाज आला. भीमाशंकर हातात लाल फडकं घेऊन एचच्या पुढं उभा राहिला. धूर पूर्वेकडं चालला होता, म्हणजे हेलिकॉप्टर वाऱ्याला तोंड देऊन पूर्वेकडून येणार. आलंच ते. वीरण्णा स्टेजवर एकटाच उभा होता, हातात हार, फोटोत दुसरं कुणी नको म्हणून बाकी सगळ्यांना खाली काढलेलं. डोक्यावर तो पत्रा.

भीमाशंकरला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं. चार-पाच श्वास. पायलट शेवटी दांडा ओढेल, हवा जमिनीवर आपटेल, आडवी सुटेल, आणि पुढचं पत्रा बघून घेईल. कुणी म्हणेल वावटळ. त्याला ते हवं होतं. देवाच्या दारात खोटं कशाला बोला, त्याला ते मनापासून हवं होतं. चंद्रम्माला जसा बसला तसाच ह्याला बसावा, तेवढाच, जास्त नको. धूळ उठायला लागली. छत कुरकुरलं.

मग त्याला काचेआड पायलट दिसला. चष्मा लावलेला, कोवळाच, एचवर डोळे लावून दांडा सोडत येणारा. उडालेला पत्रा काही वीरण्णाचाच जीव घेऊन थांबणार नव्हता. तो पात्यांत गेला की हेलिकॉप्टरच खाली, आतल्या माणसांसकट. वीस वर्षं त्यानं एक एक नट एवढ्यासाठी आवळला होता, की आतला माणूस घरी जावा.

त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. उतरू नको. परत केली. पायलटनं हेलिकॉप्टरचं नाक खाली घातलं, वेग घेतला आणि ते देवळाच्या शिखरावरून वर निघून गेलं. एक चक्कर मारून कलबुरगीच्या दिशेनं दिसेनासं झालं. पाहुण्याला परत घेऊन. दोन हजार माणसं माना वर करून बघत राहिली.

वीरण्णा हारासकट स्टेजवरून उतरून धावत आला. लोकांनी कडं केलं.

"तू कोण रे त्याला घालवणारा? माझी इज्जत घालवलास तू."

"एच चुकीच्या जागी हाय, अण्णा," भीमाशंकर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "शंभरावर होता, चाळीसावर आलाय. उतरलं असतं तर तुमच्या डोक्यावरचा पत्रा उडाला असता. कुणी आणला हितं?"

वीरण्णानं क्षणाचाही विचार केला नाही. सवयीचा माणूस. बोट सरळ तिप्पण्णाकडं गेलं.

"ह्यानं. मी शंभरच सांगितलं होतं. पोती मोजणाऱ्याला पावलं मोजता येत न्हाईत, त्याला मी काय करू?"

शेवटचे शब्द तोंडातून सुटले आणि त्याला स्वतःलाच काहीतरी जाणवलं. पण शब्द गेले होते. गेल्या वर्षी तिथंच उभं राहून ज्यांनी ते ऐकले होते, ती सगळी माणसं परत तिथंच उभी होती.

तिप्पण्णा पुढं आला. आवाज चढवला नाही.

"व्हय, मीच काढला. साठ पावलं अलीकडं घे, सतरंजी पुरत न्हाई, असं अण्णा म्हणाले. सिद्धूलाबी असंच म्हणाले होते. आन् मी वर्षभर त्या पोरावर थुंकलो." तो गर्दीकडं वळला. "माझी बायको सतरंजीपायी मेली, लोकहो."

कुणी ओरडलं नाही. कुणी अंगावर धावलं नाही. भीमाशंकरला तेवढंही हवं होतं, खोटं कशाला, पण झालं नाही.

पाच वाजता रथ ओढायची वेळ झाली. दोराला पहिला हात वीरण्णाच्या घराण्याचा, पिढ्यान् पिढ्या. तो पुढं झाला, दोर उचलला आणि मागं बघितलं. मागं दोन हजार माणसं हात बांधून उभी होती. त्यानं एकट्यानं जोर लावून बघितला. रथाचं चाक तसूभरही हललं नाही. पुजाऱ्यानं दोनदा शंख फुंकला. वीरण्णाच्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ घामानं भिजून चिकटली, आणि बायका पदर तोंडाला लावून ते बघत होत्या. शेवटी त्याच्या हातातून दोर सुटला.

तिप्पण्णा गर्दीतून निघून थेट सिद्धूच्या घरी गेला आणि त्याला दंडाला धरून घेऊन आला. पोरगं वर्षानंतर गर्दीत आलं होतं, उन्हात आल्यासारखं डोळे बारीक करत होतं. तिप्पण्णानं दोर त्याच्या हातात दिला आणि स्वतः त्याच्या मागं लागला. मग सगळेच लागले.

रथ हलला तेव्हा भीमाशंकरनं रथाकडं बघितलंच नाही. तो वीरण्णाकडं बघत होता. हार अजून त्याच्या एका हातात होता आणि रथाला वाट करून देण्यासाठी लोक त्याला बाजूला हो, बाजूला हो म्हणत होते.