मी, तुटक्या दाताचा कंगवा

मी एक जुना सागवानी कंगवा आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या प्लास्टिकच्या कंगव्यासारखा मी दिसत नाही. माझे दात बोटांसारखे जाड, दोन दातांमध्ये भरपूर जागा, आणि एक दात तर मुळापासून तुटलेला. ओमानमधल्या इब्रा गावात, पाण्याचा टँकर चालवणाऱ्या ओवेसच्या घरी मी राहतो. राहतो म्हणायचं एवढंच. स्वस्थ पडून राहणं मला कधी जमलं नाही. उशीखाली ठेवा, कपाटात ठेवा, माझे दात आपले शिवशिवतच असतात.

माझा जन्म रायगडच्या किनाऱ्यावरचा. आमचं घराणं सिद्दी. या घराण्यातल्या पहिल्या बाईला आफ्रिकेतून गलबतात कोंबून आणलं होतं. वाटेत इकडच्या, ओमानच्याच एका बंदरात तिला विकायला उभं केलं, आणि त्याआधी तिचं डोकं भादरलं. पुढे कोकणात तिचे केस पुन्हा वाढले. दाट, कुरळे, हात घातला तर हात हरवेल असे. गावातली एकही फणी त्यांत शिरेना. तेव्हा होड्या बांधणाऱ्या तिच्या नवऱ्याने उरलेल्या फळीतून मला कोरलं.

तेव्हापासून घरात दोन रिती पडल्या. कंगवा आईकडून लेकीकडे जायचा. आणि रागाच्या भरात कुणाच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. दुसरी रीत का पडली, हे मात्र पोरांना कुणी सांगितलं नाही. बायका सांगायला बसत, आणि मग म्हणत, "जाऊ दे, तेल आण."

मी कितीतरी डोकी विंचरली. आयांनी माझं कौतुक केलं, सणाला मला तेलात भिजवलं. पण त्याच आया पोरींचे केस सरळ दिसावेत म्हणून मला इतक्या जोराने ओढत, की पोरींच्या डोळ्यांतून पाणी यायचं. कुणावरचा राग त्या केसांवर काढत होत्या, देव जाणे.

शेवटी मी ओवेसची आई अमीरुन्निसा हिच्याकडे आलो. तिला लेक नव्हती. ओवेसचं लग्न झालं तेव्हा तिने मला सुनेच्या, सनाच्या ओटीत घातलं, आणि मी सनाबरोबर इब्राला आलो. इथे सनाला एक लेकरू झालं. त्याचं नाव नुमान.

सगळे त्याला मुलगा म्हणत. ते लेकरू मात्र आईच्या मांडीशी पाठ करून बसे आणि म्हणे, "अम्मी, दोन वेण्या." सना हसून घालायची, आणि टँकरचा आवाज आला की घाईघाईने सोडायची. एकदा लेकरू म्हणालं, "अम्मी, मी ॲक्टिंग नाही करत. मी मुलगीच आहे." सनाचा हात थांबला. मी केसांत तसाच अडकून राहिलो. मग तिने मला पुन्हा अलगद चालवलं.

इब्रात बुधवारचा बाजार फक्त बायकांचा असतो. पुरुषाने आत पाऊल टाकायचं नाही. लहान पोरं आईचं बोट धरून जातात, म्हणून सना नुमानला नेत असे. दोन हजार चौदा सालच्या हिवाळ्यात लेकरू नऊ वर्षांचं होतं, आणि गावाहून दादी अमीरुन्निसा राहायला आली होती. त्या बुधवारी बाजाराच्या दाराशी सनाने पर्समधून मला काढलं, दोन वेण्या घातल्या आणि मला लेकराच्याच हातात दिलं. आत मेंदी विकणाऱ्या म्हातारीने लेकराला विचारलं, "नाव काय गं तुझं?"

लेकराने क्षणभरही विचार केला नाही. म्हणालं, "उमामा."

तेवढ्यात मागून शेजारीण ओरडली, "या अल्ला! उमामा कुठली? हा तर ओवेसचा नुमान!" बायका हसल्या. लेकराने माझ्यावरची मूठ इतकी आवळली, की माझ्या दातांचे वळ तळव्यावर उठले.

दुपारपर्यंत ही गोष्ट ओवेसच्या कानावर गेली होती. गॅरेजमध्ये कुणीतरी विचारलं होतं, "काय मालक, लेक केव्हा झाली तुला?" घरी आला तो केस कापायचं मशीन घेऊनच.

"आज केस खलास," तो म्हणाला. "आणि शुक्रवारचं तिकीट काढतोय. गावाला पाठव त्याला. चुलत्याच्या धाकात सुधारेल."

"तो लहान आहे हो," सना रडत म्हणाली.

"लहान? बायकांत नाव बदलून हिंडायला लहान नाही?"

लेकरू स्टुलावर बसलं. रडलं नाही, हललं नाही. मशीन घुर्र करायला लागलं आणि दादीने भिंतीतलं बटण बंद केलं.

"अम्मा, तू मध्ये पडू नको."

"पडनार. तुजा हुसैन मामू कसा गेला, ठाव हाय तुला?"

"समुद्रात बुडाला."

"बुडाला नाय. आमी घालवला."

मित्रांनो, हे मला ठाऊक होतं. मी तिथे होतो. अमीरुन्निसाचा थोरला भाऊ हुसैन पडवीमागे बसून मला घेऊन वेणी घालायचा, बहिणीच्या बांगड्या घालून बघायचा. एके दिवशी बापाने पाहिलं. त्याने मला हिसकावून भिंतीवर भिरकावलं, तेव्हा माझा दात तुटला. मग त्याने वस्तरा आणला आणि हुसैनचं डोकं भादरलं. सकाळी हुसैन घरात नव्हता, आणि घराने जगाला सांगितलं की होडी उलटली.

"दर साली मी त्याच्या नावाने फातिहा देते," दादी म्हणाली. "जिता हाय का मेला, मना ठाव नाय. आनि त्या पहिल्या बाईला ह्याच मुलखात भादरली होती, विकाया. म्हनून घरात वस्तरा नको, अशी रीत. माज्या बापाने ऐकला नाय. आता तू?"

ओवेस मशीन हातात धरून उभा होता. दादीने ते काढून घेतलं आणि त्याच्या हातात मला ठेवलं. "विंचर. एकदा विंचर, मग काय ते बोल."

त्याने कधी कुणाचे केस विंचरले नव्हते. मला थेट मुळाशी खुपसून त्याने ओढलं. लेकरू किंचाळलं.

"आरं, टँकरचा पाइप हाय का तो?" दादी ओरडली. "पानी लाव. टोकापासून सोडव, मग वर जा."

ओवेसने हात ओला केला. टोकापासून सुरुवात केली. एक गाठ सुटली, मग त्यावरची.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"थोडंसं."

त्याने आणखी दोन गाठी सोडवल्या. मग तो म्हणाला, "बाजारात काय नाव सांगितलंस?"

"उमामा."

मी थांबलो नाही, कारण त्याचा हात थांबला नाही. "तिकीट नाही काढत," तो शेवटी म्हणाला. "बाकीचं मला नाही कळत, अम्मा. गॅरेजमध्ये काय सांगू?"

"मना पन नाय कलत," दादी म्हणाली. "पन पोर घरात रव्हंल."

मग तिने मला उचलून लेकराच्या ओंजळीत ठेवलं. आईकडून लेकीकडे, अशी रीत. सना हे बघून तोंडाला पदर लावून आत गेली.

मित्रांनो, आता मी उमामाचा कंगवा आहे. ती मला शाळेच्या दप्तरात ठेवते. ओवेस अजून तिला कधी नुमान म्हणतो, कधी नुसतंच "ए, इकडे ये". बाहेरची माणसं अजून हसतात. तिला घरी यायला उशीर झाला की सना दारात उभी राहते, आणि माझेही दात शिवशिवतात.

माझी एकच विनंती आहे. केस असोत की घरातली एखादी जुनी गोष्ट, गुंता दिसला की मुळाशी हिसका देऊ नका, आणि कापूनही टाकू नका. टोकापासून, पाणी लावून, हळू सोडवा. माझ्या तुटक्या दाताच्या जागेतून दर वेळी उमामाची एक बट निसटते. ती माझ्याकडून कधी विंचरली जायची नाही. दादी ती हाताने सोडवते, आणि सोडवताना हळूच म्हणते, "हुसैन."