फाटकाबाहेरची सलामी

मी एक जुना बिगुल आहे. मित्रांनो, हैदराबादच्या जामबागेतल्या तुमच्या शाळेच्या काचेच्या कपाटात, पाहुण्यांच्या कपबश्यांशेजारी मी असतो. अंगावरचे पोचे ब्रह्मदेशातले. चरे मात्र तुमच्यापैकीच कोणाचे तरी.

पितळेला वळसे देऊन मला घडवले आणि निजाम सरकारच्या पलटणीत धाडले. तिथे मी हिम्मतरावांच्या हाती आलो. पलटणीत रीत अशी, की बिगुल सरकारचा, पण ओठांना लावायची नळी ज्याची त्याची. हिम्मतरावांची नळी कायम त्यांच्या खिशात. माझे सूर मोजके. पण तेवढ्यांवर आम्ही माणसे उठवली, जेवायला बसवली, महायुद्धात जंगलातून चालवली. काहींना मातीआड करतानाही मीच वाजलो. साहेब म्हणत, "हिम्मत, ये बिगुल नहीं, पलटन का गला है!"

पुढे देश स्वतंत्र झाला. वर्षभराने हैदराबादही भारतात आले आणि निजामाची फौज मोडली. निरोप देताना साहेबांनी मला हिम्मतरावांनाच बक्षीस देऊन टाकले. ते मला घेऊन नल्लकुंट्याला घरी परतले. पहिल्याच पहाटे त्यांनी सवयीने मला फुंकले. गल्लीतली कुत्री रडू लागली. त्यांच्या पत्नी जयवंताबाई म्हणाल्या, "अहो, इथं तुमची पलटण म्हणजे मी अन् ही म्हैस. दोघी कधीच्या उठलोय!"

नोकरी मिळेना. विलीनीकरणाआधीच्या गडबडीच्या दिवसांत "हिम्मतराव, रजा काढून या, तेवढाच धीर" असे निरोप धाडणारी गल्ली आता त्यांना 'निजामाचा माणूस' म्हणू लागली.

एकोणपन्नासच्या ऑगस्टात शाळेचे अध्यक्ष आबासाहेब स्वतः घरी आले. "पंधरा तारखेला झेंडावंदन. बिगुल तुम्हीच वाजवायचा!"

हिम्मतरावांनी मला चिंचेने असे घासले, की म्हशीने माझ्यात तोंड पाहिले. स्वतंत्र देशाच्या झेंड्यासमोर उभे राहायचे, एवढेच त्यांना हवे होते.

आदल्या दिवशी आबासाहेब पुन्हा आले. "बिगुल तेवढा द्या. वाजवतील ड्रिल मास्तर. तुम्ही निजामाच्या फौजेतले, लोक काय म्हणतील?"

"आबासाहेब, आपणही निजामाच्याच नोकरीत होता ना?"

"मी माल खात्यात, महसूल वसुलीला होतो. ते वेगळं."

हिम्मतरावांनी मला फडक्यात गुंडाळून दिले. नळी सवयीने खिशात गेली. मास्तरांची स्वतःची असणारच, असे ते धरून चालले.

दुसऱ्या दिवशी झेंडा वर गेला. मास्तरांनी गाल फुगवले. माझ्यातून नुसती हवा आली. मुले हसली. फाटकाबाहेरच्या गर्दीतून पाहणाऱ्या हिम्मतरावांच्या ध्यानात घोटाळा आला. तळहातावर नळी धरून ते धावत आत शिरले.

"शेवटी दगा दिलातच!" आबासाहेब कडाडले.

"चुकलो, आबासाहेब. पलटणीत ज्याची त्याची नळी..."

ऐकतो कोण? मास्तरांनी नळी घेतली, रुमालाने दोनदा पुसली आणि मला बसवली. हिम्मतरावांना फाटकाबाहेर पोचवण्यात आले. मग मी चुकलेल्या वासरासारखा हंबरलो. टाळ्या पडल्या.

बाहेरच्या गर्दीत एकच माणूस शेवटचा सूर विरेपर्यंत ताठ उभा होता, सलामीचा हात कपाळाशी.

आबासाहेबांनी मास्तरांचे आभार मानले, पेढे देणाऱ्यांचे मानले, माझेही मानले. हिम्मतराव मला न्यायला आले, तोवर मी शाळेची मालमत्ता झालो होतो. पुढे कानावर आले, की सिकंदराबाद स्टेशनात ते हमाली करतात. इथे परत ते आले नाहीत.

मित्रांनो, दर पंधरा ऑगस्टला तुम्ही मला घासूनपुसून लखलखीत करता, हार घालता. आभारी आहे. पण मी पितळ. मला ठेवायला एक कपाट पुरते. माणूस सांभाळायचा, तर त्याला फाटकाच्या आत घ्यावे लागते.