समोरच्या जमिनीची चकाकी

मित्रांनो, मी जुनी आहे, लाकडी आहे आणि मत्सरी आहे. तिसरी गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला लबाड म्हणायला नको. एका मोठ्या शहरातल्या बॉलरूम नृत्याच्या क्लासची मी जमीन आहे. लोक माझ्यावर गोल गोल फिरतात आणि बघतात मात्र आरशात.

एका चिडक्या सुताराने मला घडवलं. त्याने खाली आडव्या पट्ट्या ठोकल्या, त्यांच्या बुडाशी रबराचे तुकडे बसवले आणि वर माझ्या फळ्या अंथरल्या. त्यामुळे पाऊल पडलं की मी किंचित दबते आणि पुन्हा वर येते. नाचणाऱ्यांचे गुडघे दुखू नयेत म्हणून ही सोय.

क्लास दोघी बहिणींचा होता. थोरलीला सगळे विद्यार्थी ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. धाकटी तिच्याच हाताखाली, माझ्याच अंगावर शिकली. मग दोघी मिळून शिकवू लागल्या. दुसऱ्या शाळांचे शिक्षक यायचे, टाच आपटून बघायचे आणि म्हणायचे, "वा, काय जमीन आहे!" मी फुलून जायचे.

पुढे दोघींचं बिनसलं. ताई धाकटीला चारचौघांत पाऊल सुधारायला लावायची, तेवढंच निमित्त झालं. धाकटी तडक उठली आणि तिने रस्त्यापलीकडे, बरोबर समोरच्या इमारतीत, स्वतःचा क्लास काढला. तिथली जमीन नवी, कारखान्यातून तयार होऊन आलेली. खिडकीतून दिसायची मेली! दुपारच्या उन्हात अशी चकाकायची की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आता आमच्या शहरातल्या नृत्यशाळांची गंमत ऐका. समोरासमोर सगळे गोड बोलतात आणि पाठ वळली की नाकं मुरडतात. "त्यांच्याकडे काय, नुसतं हात धरून चालायला शिकवतात!" पण कोणी कोणाशी पुरतं तोडत नाही, कारण सगळीकडे बायका जास्त आणि पुरुष कमी. शनिवारच्या नाचाला शाळा एकमेकींकडून पुरुष उसने आणतात, शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसे. त्याचा एक अलिखित नियम आहे. उसन्या आलेल्या माणसाच्या चुका सुधारायच्या नाहीत. सुधारल्या की तो तिथलाच होऊन बसतो.

आमचा हुकमी पुरुष म्हणजे दातांचे डॉक्टर. उंच, सावकाश आणि कधीही कोणाच्या पायावर पाय न देणारे. ते समोर उसने जायचे. परत आले की त्यांच्या बुटांच्या मऊ चामड्याला त्या समोरच्या जमिनीचा वास यायचा. मी आतून जळायचे. एका शनिवारी धाकटी त्यांना म्हणाली, "डॉक्टर, डावा खांदा जरा खाली घ्या." झालं! त्यानंतर डॉक्टर आमच्याकडे आलेच नाहीत. ताईला ते दिसले ते खिडकीतूनच, समोर नाचताना. त्यांच्या मागोमाग आणखी जोड्या गेल्या. आमचा क्लास टिकतो की बंद पडतो, अशी वेळ आली.

त्या वर्षी सगळ्या शाळांचा एकत्र नाच आमच्याकडे होता. ताईने ठरवलं, मला समोरचीसारखी चकाकवायची. नाचायच्या जमिनीला मेण लावत नाहीत, पावलाची पकड जाते, हे ती नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगते. पण ती चकाकी तिच्या डोळ्यांत खुपत होती ना! गुडघ्यांवर बसून तिने मला मेण चोळलं. खरं सांगू? मला फार आवडलं. आता बघ म्हणावं, समोरचे!

धाकटी आली आणि दारातच थांबली. "ताई, मेण लावलंस?"

"का? चकाकायचा मक्ता काय तुझ्याच जमिनीने घेतलाय?"

"अगं, तिला वरून काही लावलेलं नाही. कोणाचा तरी पाय घसरेल. आजचा नाच पुढे ढकल."

"माझ्या क्लासमध्ये येऊन मला शिकवू नकोस."

पहिला वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने गिरक्या घेत करायचा नाच, यजमानीण करते. ताईने मुद्दाम धाकटीबरोबर आलेल्या डॉक्टरांच्याच हातात हात दिला. पहिल्याच वळणाला तिची टाच सुटली. मी धरायला गेले, पण मला धरताच येईना. तिच्या घोट्याचं हाड मोडल्याचं सगळ्यांत आधी मला कळलं.

मेण काढायचं तर मला तासायलाच हवं होतं. तोवर आमचा क्लास, ताईच्या चाकांच्या खुर्चीसकट, धाकटीने आपल्याकडे नेला. निघताना ताईने बजावलं, "माझ्या विद्यार्थ्यांना तू सुधारायचं नाही हं."

"नाही सुधारत. तू खुर्चीतून सांग, मी करून दाखवते," धाकटी म्हणाली.

प्लास्टर निघाल्यावर ताईने पहिली पावलं टाकली ती त्या समोरचीवर. धाकटीचा हात धरून चालत होती आणि हसत होती. मी इथे अंगभर भुसा घेऊन पडले होते. विद्यार्थी तिकडे रमले होते. ताई माझ्यावर पुन्हा उभी राहिली तरच क्लास परत येणार होता, नाहीतर माझ्यावर कोणाचं तरी गोदाम होणार होतं.

मित्रांनो, ज्याच्या आधारावर उभे राहता, त्याला दुसऱ्यासारखं दिसायला लावू नका. मला रोज झाडा. खिळा वर आला तर ठोका. ओले बूट बाहेर काढा. एवढी निगा मला पुरते.

मला तासून झालं त्या दुपारी दोघी आल्या. ताई उंबऱ्यातच थांबली.

"ये ना, ताई."

"भीती वाटते गं."

"कशाची?"

"हिचीच." ताईने माझ्याकडे बोट दाखवलं.

समोरचीचा मी इतकी वर्षं मत्सर केला, पण त्या क्षणाइतका कधीच नाही. तिच्यावर चालताना ताईला भीती वाटली नव्हती.

धाकटी खाली बसली. तिने ताईच्या बुटांचे बंद सोडले, मोजे काढले. ताईने एक पाऊल माझ्यावर ठेवलं आणि मग दुसरं. नाचायच्या जमिनीवर अनवाणी कोणी येत नाही. ताईच्या डाव्या टाचेला एक खोल भेग आहे, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. समोरचीला ते अजूनही ठाऊक नाही.