विभूतीची रेघ आणि पेवातला गाळ

"बघा, बघा! पाणी माघारी फिरलं!"

दिनकररावांच्या अंगणात अख्खं गाव लोटलं होतं. पूर्णेकाठचं हे घर त्यांना विकायचं होतं आणि त्यासाठी भस्मीबाबांनी उंबऱ्यासमोर विभूतीची रेघ ओढली होती. बाबा घागर ओतत. पाणी रेघेपर्यंत येई आणि नदीकडे वळे.

"गंगामाय वळखती आमाला!" बाबा गरजले. "रेघ हाय तवर पूर इकडं फिरकत न्हाई. आजवर उंबरा भिजला न्हाई या घराचा!"

एवढी ओळख होती तर नदीला नुसता निरोप धाडायचा, घागरी कशाला वाया घालवायच्या, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण शेजारी महादेवीअक्का उभी होती. गेल्या श्रावणात पुराने तिचं घर नेलं. घरात दाजी होते. तेव्हापासून माझी ही बहीण ना रडली, ना कुणाशी भांडली. आता हेच घर विकत घेऊन ती दोन मुलींसह इथे राहायला येणार होती. आम्हा लिंगायतांच्या घरात विभूती दिसली की माणसं प्रश्न विचारत नाहीत. मी जिंतूरच्या मदरशात हिसाब, म्हणजे गणित, शिकवतो, मला विचारल्याशिवाय राहवत नाही.

मी पुढे झालो, हाताने रेघ पुसून टाकली आणि घागर ओतली. पाणी तिथवरच आलं आणि वळलं.

"रेघ न्हाई, उतार हाय," मी म्हणालो. "अंगण उंबऱ्याकडं चढतं सारवलंय. कुनाच्याबी दारात असंच व्हईल."

"नास्तिक हाय ह्यो!" बाबा ओरडले.

अक्काचा आवाज अगदी सपाट होता. "पन लिंगू, उंबरा भिजला न्हाई म्हनत्यात ना?"

"पेव बघू उघडून."

घर घेताना लोक भिंती ठोकतात, तुळया न्याहाळतात. ओसरीखालचं धान्याचं पेव कुणी उघडत नाही. इथे तर बाबांची घोंगडी नेमकी त्याच्या तोंडावर अंथरली होती. दिनकरराव "आत काय न्हाई" म्हणेपर्यंत मी घोंगडी ओढली आणि फरशी सरकवली. कुजका वास आला. अक्काने वाकून हात घातला. मुठीत नदीचा गाळ, सडलेली ज्वारी आणि शिंपले आले.

दिनकररावांनी मान खाली घातली. बाबा झोळी आवरू लागले.

अक्का हाताकडे बघत राहिली. "आमचं पेवबी असंच भरलं व्हतं, आदल्या साली," ती म्हणाली. "मी उपसलं. सारवलं. यास्नी म्हनलं, आता न्हाई येत पानी."

मी तिचा हात धुतला.

पुढे तिने गढीजवळ चढावर लहानसं घर घेतलं. पाणी लांबून आणावं लागतं. घेण्याआधी शेजारणींना विचारलं, पेव स्वतः उघडलं. ते कोरडं होतं. त्या कोरड्या मातीवर हात ठेवून ती दाजींसाठी पहिल्यांदा रडली.

लोकहो, घर घेताना बाबाला विचारू नका. पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि पेव उघडून बघा.